ईव्ह ऑनलाइनचं सामायिक बुकमार्क फोल्डर

ईव्ह ऑनलाइन या अंतराळातल्या ऑनलाइन खेळात इंदुरात रामबागेकडची पोरं गट करून वर्महोल (दूरच्या तारामंडळांना जोडणाऱ्या तात्पुरत्या वाटा) धुंडाळणार असतील, तर जागांच्या खुणा म्हणजे बुकमार्क सगळ्यांसाठी एकत्र ठेवणारं हे फोल्डर वहीपेक्षा कितीतरी सरस. आधी ॲक्सेस लिस्ट (कोणाला काय परवानगी, याची यादी) बनवून ती फोल्डरला जोडा. नव्या भिडूला फक्त पाहण्याची परवानगी द्या. नाहीतर एका क्लिकमध्ये परतीची वाट पुसली जाते.

वर्महोलच्या दोन्ही बाजूंना बुकमार्क हवाच! पलीकडचा राहिला, तर परतताना वाट शोधायला पुन्हा प्रोब (स्कॅन करणारी छोटी यंत्रं) सोडावे लागतात. नावात सिग्नेचरच्या (स्कॅनमध्ये सापडणाऱ्या जागेच्या) कोडची तीन अक्षरं आणि वेळ लिहा. मात्र सर्व्हर रोज आपल्या दुपारी साडेचारला बंद होतो, त्यानंतर सिग्नेचरचे कोड बदलतात. जुनी नावं तेव्हाच सुधारा. मुदत न घातलेले बुकमार्क साचून नकाशा निरुपयोगी होतो. नवी खूण इतरांना थोडी उशिरा दिसते, हीच खरी उणीव.