कोळ्याच्या डोळ्यांपर्यंत नेणारे खिशातले भिंग: रेनॉक्स डीसीआर-२५०

कीटकांची आणि कोळ्यांची जवळून छायाचित्रे काढायची तर स्वतंत्र मॅक्रो लेन्सला पर्याय नाही, असे मलाही बरीच वर्षे वाटत होते. रेनॉक्स डीसीआर-२५० वापरू लागल्यापासून ते मत मी सोडून दिले आहे. हे +८ डायॉप्टरचे (डायॉप्टर म्हणजे भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक) छोटे भिंग आपल्या नेहमीच्या लेन्सच्या तोंडाशी बसवायचे असते. सोबतच्या अ‍ॅडॉप्टरच्या दोन्ही बाजूंच्या कळा दाबून धरल्या की ५२ ते ६७ मिलिमीटर व्यासाच्या फिल्टरच्या आट्यांत ते अडकते, आणि लांबच्या फांदीवर एखादे फुलपाखरू बसलेले दिसले तर तितक्याच चटकन काढूनही ठेवता येते. एकाच काचेच्या साध्या क्लोजअप फिल्टरमुळे कीटकांच्या मिशांच्या कडांना जी जांभळी-हिरवी झालर येते, ती येथे दोन गटांत बसवलेल्या तीन काचांमुळे फारशी जाणवत नाही.

मूळ लेन्सचा फोकस अनंतावर ठेवला, तर तिच्या नाभीय अंतराला (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेल्या आकड्याला) १२५ ने भागून कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कीटकाच्या खऱ्या आकाराच्या किती पट मोठी प्रतिमा मिळेल हे कळते. २०० मिलिमीटरवर ती १.६ पट मिळते आणि २५० मिलिमीटरवर दुप्पट. एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) लावल्यावर प्रकाश घटतो, तसा तो येथे घटत नाही. कीटक मात्र भिंगापासून सुमारे साडेबारा सेंटिमीटरवर असावा लागतो, त्यामुळे ऑटोफोकसवर विसंबण्यापेक्षा कॅमेऱ्यासह स्वतःच केसभर पुढे-मागे झुकणे अधिक उपयोगी पडते. सुईत दोरा ओवताना आपण श्वास रोखतो, अगदी तसाच तो येथेही रोखावा लागतो.

या भिंगाचे खरे मोल मला उड्या मारणाऱ्या कोळ्याने दाखवून दिले. पानाच्या कडेवर बसलेला, जेमतेम सहा मिलिमीटरचा तो जीव व्ह्यूफाइंडरच्या निम्म्या रुंदीत मावला आणि त्याच्या आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन टपोरे डोळे थेट माझ्याकडे वळले. पाहता पाहता त्यांतील एकाचा काळा रंग फिकट तपकिरी झाला आणि पुन्हा काळा झाला. या कोळ्यांच्या मुख्य डोळ्यांची भिंगे स्थिर असतात, पण आतल्या नळीच्या टोकाचा दृष्टिपटल सरकतो, म्हणून हा रंग पालटतो. पुस्तकातून माहीत असलेली ही गोष्ट प्रत्यक्ष पाहताना मी शटर दाबायचेच विसरलो.

इतक्या जवळून स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती, मिलिमीटरच्या अंशाइतकीच उरते. एफ/८ ते एफ/११ च्या पुढे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र म्हणजे अ‍ॅपर्चर फार बारीक केले तर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) बारकावे धूसर होतात, त्यामुळे डोळ्यांवर फोकस साधणे आणि पायांची टोके धूसर राहू देणे मला योग्य वाटते. फ्लॅशपुढे मात्र प्रकाश मऊ करून पसरवणारा मोठा, पांढरा डिफ्यूझर हवाच, कारण उघड्या फ्लॅशमुळे भुंग्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग उमटतो आणि तिचा मूळ रंगच हरवतो. सर्वांत चांगली वेळ पहाटेची: गारव्याने सुस्तावलेले चतुर दवबिंदूंसकट स्थिर बसलेले असतात. केवळ फोटोसाठी त्यांना फ्रिजमध्ये ठेवून गारठवण्याच्या प्रकाराला माझा ठाम विरोध आहे.

ज्यांच्याकडे २०० ते ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम लेन्स आहे, त्यांनी हे भिंग निःशंकपणे घ्यावे. केवळ १८-५५ मिलिमीटरची लेन्स असेल तर प्रतिमा पुरेशी मोठी मिळत नाही, शिवाय रुंद टोकाला (१८ मिलिमीटरकडे) चारही कोपरे काळे पडतात. अशांनी आधी लांब पल्ल्याची लेन्स घ्यावी.