वाचन की चिकटवही? रोजचा अर्धा-पाऊण तास कशाला द्यावा

नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, मोठ्यांची औषधं हे सगळं उरकल्यावर दिवसाकाठी अर्धा-पाऊण तास हाती लागतो. तो मोबाइलवर जाऊ नये असं वाटणाऱ्या पुष्कळ जणी मला विचारतात, पुस्तकं वाचायला घेऊ की स्क्रॅपबुक करू? स्क्रॅपबुक म्हणजे शाळेतली आपली चिकटवहीच. मी दोन्ही करते, दोन्हींवर माझा जीव आहे. तरी सुरुवात एकाच छंदाने करावी, आणि तो छंद आवडीपेक्षा घरातली जागा, वेळ आणि माणसं पाहून ठरवावा, असं माझं मत आहे.

आधी वेळेचं बोलू. वाचन तुकड्यातुकड्यांत जमतं. लोकलमध्ये, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, कुकरच्या शिट्ट्या होईस्तोवर चार पानं होतात. खूण घातली की पुस्तक मिटता येतं. चिकटवहीचं तसं नाही. फोटो, कात्री, पट्टी, गोंद, रंगीत कागद काढून मांडायलाच दहा मिनिटं जातात, आणि आवरायला तितकीच. मधले कपटे सुकेपर्यंत हलवता येत नाहीत ते वेगळंच. म्हणून मी पहिला प्रश्न हाच विचारते: मांडलेला पसारा रात्रभर तसाच राहील असा एखादा कोपरा घरात आहे का? रांगतं मूल असेल किंवा जेवणाचं टेबल हेच घरातलं एकमेव टेबल असेल, तर तूर्त पुस्तक बरं. चिकटवही रोज न करता रविवारी दोन तास घेऊन बसायची तयारी असेल, तर मात्र जागेची अडचण बरीच कमी होते.

खर्चात वाचन सरळसरळ स्वस्त पडतं, कारण आपल्याकडे वाचनालयं आहेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. तालुक्याच्या गावीही एखादं वाचनालय असतंच. अनामत भरायची, ती सभासदत्व सोडताना परत मिळते. महिन्याची वर्गणी इतकी थोडी असते की एका नव्या कादंबरीच्या किमतीत कितीतरी महिने निघतात. पाचगणीजवळच्या भिलारला तर मे २०१७पासून गावातल्या घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. कुणाच्याही ओसरीवर बसा आणि वाचा, पैसे पडत नाहीत. वाचायची सवय सुटलेल्या माणसाने एक दिवस तिथे घालवावा असं मला फार वाटतं.

चिकटवहीचा खर्च हळूहळू अंगावर येतो. वॉशी टेप म्हणजे नक्षीची कागदी चिकटपट्टी, स्टिकर, फुलांच्या आकाराचे पंच, चमकीची पेनं अशी एकेक वस्तू किरकोळ वाटते आणि महिन्याअखेरीस ड्रॉवर भरलेला असतो. सुरुवातीला जाड कागदाची वही, चांगली कात्री, ग्लूस्टिक आणि फोटोंचे प्रिंट एवढंच घ्या. सजावट घरातच सापडते: लग्नपत्रिका, एसटीची तिकिटं, पोस्टाची पाकिटं, ब्लाउजपीसची चिंधी, आईच्या अक्षरात लिहिलेली मसाल्याची यादी.

आता टिकण्याचा मुद्दा. इथे जरा जास्त थांबते, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. पुस्तक वाचून परत केलं की आपली जबाबदारी संपते. चिकटवही मात्र वीस वर्षांनी उघडायची असते. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहिलेलं असतं; उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि त्यातलं आम्ल शेजारच्या पानावरही डाग पाडतं. म्हणून कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा आणि ती चिकटवा. दुकानाचं बिल किंवा बसचं मशीनमधून निघालेलं तिकीट थर्मल कागदाचं असतं, त्यावरची अक्षरं काही काळाने उडून जातात. त्याचीही झेरॉक्सच हवी. बाटलीतल्या पातळ पांढऱ्या गोंदात पाणी असतं, त्याने पान फुगतं आणि सुकल्यावर लाटा पडतात. ग्लूस्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप बरी. गोंदाची ही कटकट जुनी आहे. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी १८७३ साली आधीच गोंद लावलेल्या, नुसत्या ओल्या केल्या की चिकटणाऱ्या पानांच्या चिकटवहीचं पेटंट घेतलं होतं, ते याच त्रासापायी.

जुन्या कृष्णधवल फोटोंना तर गोंद लावूच नका. आजी-आजोबांच्या अल्बममध्ये काळ्या पानांवर ते छोटे त्रिकोणी कोपरे असायचे ना, तेच आजही उत्तम. फोटो त्यात अडकवला की हवा तेव्हा काढता येतो. त्याहून सुरक्षित म्हणजे फोटो स्कॅन करून प्रिंट चिकटवायचा आणि मूळ फोटो कागदी पाकिटात ठेवायचा. प्लॅस्टिकचा पापुद्रा उचलून फोटो ठेवायचे ते चिकट पानांचे अल्बम आठवत असतील. त्यातले फोटो वेळेत सोडवून घ्या, कारण तो चिकटपणा दरवर्षी आणखी घट्ट धरतो. कोकणात, मुंबईत पावसाळा म्हणजे बुरशी आणि कसर. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात वही ठेवू नये, श्रावणात एखाददिवशी ऊन पडलं की सावलीत उघडून वारा द्यावा. पोथ्यांच्या रुमालात वेखंड ठेवायची जुनी पद्धत इथेही चालते.

मनाला काय मिळतं, याची तुलना अवघड आहे. वाचनाने आपण दुसऱ्याच्या आयुष्यात शिरतो. दिवसभर आपलंच घर, आपलंच ऑफिस पाहून कंटाळलेल्या माणसाला त्याची फार गरज असते. पण लक्ष टिकत नाही ही तक्रार खरी आहे, आणि त्यावर जाडजूड कादंबरी हा उपाय नव्हे. दिवाळी अंकापासून सुरुवात करा. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडे रुजलाय. कथा, लेख, कविता, सगळं एका बैठकीत संपेल इतकं. डोळ्यांना त्रास होत असेल तर ऑडिओबुक ऐका. मी त्याला वाचनच मानते.

चिकटवही आपल्याच आयुष्याकडे बघायला लावते. समजा, काकूच्या लग्नातला एक फोटो घेतला. खाली ‘काकूचं लग्न’ एवढं लिहून पान पुरं होत नाही. मागच्या रांगेतले फेटेवाले कोण? मांडव कुठल्या वाड्यात होता? आत्याला फोन केला की ती नावं तर सांगतेच, वर जेवणावळीत श्रीखंड कसं कमी पडलं आणि मग शेजारच्यांनी चक्का कसा पाठवला तेही सांगते. ते पेन्सिलीने लगेच टिपून घ्यायचं. मोबाइलमध्ये हजारो फोटो असतात, पण त्यातला एकही असा बोलत नाही, कारण आपण त्याला काही विचारलेलंच नसतं.

म्हणून माझा कौल असा. घरात जुने फोटो असतील आणि त्यातले चेहरे ओळखणारं माणूस सत्तरी-ऐंशीच्या पुढे असेल, तर वाचन वर्षभर मागे ठेवा आणि चिकटवही आजच घ्या. पुस्तकं वाचनालयात थांबतील. असं माणूस किंवा तसे फोटो नसतील, प्रवास रोजचा असेल, घर लहान असेल, तर वाचन. पाचवी-सहावीतलं मूल घरात असेल तर दोघांनी मिळून चिकटवही करावी, मुलाला कापायला-चिकटवायला आवडतं आणि मजकूर लिहिताना त्याचं मराठीही सुधारतं.

दोन्ही एकत्र करण्याची टूम म्हणजे वाचनवही. आवडलेली वाक्यं, मुखपृष्ठाचा छोटा प्रिंट वगैरे. छान असते, पण सुरुवातीला नको, त्यात सजवण्यातच वेळ जातो आणि वाचायचं राहतं. जुन्या पुस्तकांची पानं फाडून सजावटीला वापरतात, ते मात्र मला अजिबात मान्य नाही. रद्दीत चाललेलं पुस्तकही आधी कुणाला तरी वाचायला देऊन बघावं.

अजूनही ठरत नसेल तर दहा फोटोंचे प्रिंट काढा, एक साधी वही घ्या आणि पंधरा दिवस बघा. तेवढ्यात ती वही दोनदाही उघडली गेली नाही, तर फोटो पाकिटात घालून ठेवा आणि वाचनालयात नाव नोंदवून या.