केसपेपर, क्लाउड की स्वतःचा सर्व्हर? तालुक्याच्या रुग्णालयासाठी नोंदी आणि दूरतपासणीची निवड

हा आढावा कोणासाठी, ते आधीच सांगून टाकू. तालुक्याच्या गावातलं १५ ते ३० खाटांचं खासगी किंवा ट्रस्टचं रुग्णालय, रोजची ओपीडी ८०-१०० ची, दोन-तीन डॉक्टर, स्वतःची लॅब आणि एक्स-रे, संध्याकाळी जाणारी वीज आणि पावसात रुसणारं इंटरनेट. शहरातल्या २०० खाटांच्या रुग्णालयाचे प्रश्न वेगळे असतात, एकट्या डॉक्टरच्या दवाखान्याचेही वेगळे.

विक्रेते बहुधा ‘टेलिमेडिसिनसकट सगळं डिजिटल’ असं एकच पॅकेज घेऊन येतात. प्रत्यक्षात नोंदी आणि दूरतपासणी (टेलिमेडिसिन) हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते एकापाठोपाठ एक घ्यावेत. व्हिडिओवर रुग्ण दिसतो, त्याची मागच्या महिन्यातली साखर दिसत नाही. म्हणून आधी नोंदी.

नोंदींसाठी तीन वाटा आहेत. पहिली, केसपेपर चालू ठेवून त्यातल्या मोजक्या गोष्टी संगणकात घेणं. दुसरी, दर डॉक्टरमागे वर्गणी भरून क्लाउडवरचं, म्हणजे विक्रेत्याच्या सर्व्हरवरून इंटरनेटवर चालणारं, तयार सॉफ्टवेअर. तिसरी, रुग्णालयातल्याच सर्व्हरवर बाह्मनीसारखी मुक्तस्रोत, म्हणजे कुणालाही फुकट घेऊन बदलता येणारी, प्रणाली. बाह्मनी छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या गनियारीत, जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयाच्या गरजेतून उभी राहिली. तिच्या पोटात रुग्णाच्या नोंदींसाठी ओपनएमआरएस, लॅबसाठी ओपनएलिस, बिल आणि साठ्यासाठी ओडू आणि एक्स-रेच्या प्रतिमांसाठी डीसीएम४ची असे वेगवेगळे भाग जोडलेले आहेत. नेपाळमधल्या अछामसारख्या दुर्गम जिल्ह्यातल्या रुग्णालयातही ती वापरली गेली. म्हणजे आपल्यासारख्या ठिकाणी ती चालते का, ही शंका नाही. ती चालवणारं माणूस आपल्याकडे आहे का, ही आहे.

टायपिंग कोण करणार?

बहुतेक रुग्णालयांचं घोडं इथेच पेंड खातं, आणि विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात नेमकं हेच दिसत नाही. तिथे एकच रुग्ण असतो आणि टायपिंग करणारा त्या स्क्रीनवर सराईत असतो. आपल्याकडे ८० रुग्ण. डॉक्टरने स्वतः टाइप करायचं ठरवलं आणि प्रत्येकी दीड मिनिट जास्त गेलं, तर दिवसाला दोन तास. हे दोन तास कुठून काढणार, याचं उत्तर नसेल तर महिन्याभरात डॉक्टर पुन्हा पेन उचलतात आणि वर्गणी मात्र चालू राहते.

पहिल्या वाटेत हा भार सर्वांत कमी. डॉक्टर केसपेपरवरच लिहितात आणि ऑपरेटर पाचच गोष्टी चढवतो: निदान, औषधं, मोजमापं (वजन, बीपी, साखर), औषधाची अ‍ॅलर्जी आणि पुढची तारीख. धोका अक्षराचा. थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅमचं ५० मिलिग्रॅम व्हायला एका चुकीच्या वाचनाची गरज असते. म्हणून औषधाचं नाव मोकळं टाइप करू देऊ नये. आपल्या मेडिकलच्या साठ्याच्या यादीतूनच ते ताकदीसकट निवडायचं आणि छापलेली चिठ्ठी रुग्णाच्या हातात जाण्याआधी डॉक्टरने सही करताना वाचायची.

क्लाउडच्या तयार सॉफ्टवेअरात फॉर्म आखीव असतात आणि शहरातल्या फिजिशियनला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. सर्पदंशाची वेळ, विंचवाच्या दंशानंतरचा घाम, बाळंतिणीची मागची नोंद यांना रकाना नसतो, मग सगळं ‘शेरा’ या एका चौकटीत कोंबलं जातं. बाह्मनीत फॉर्म आपल्याला हवे तसे बांधता येतात. पण कमिटी बसली की प्रत्येक डॉक्टर चार रकाने वाढवतो आणि साठ रकान्यांचा फॉर्म कुणीच भरत नाही. सुरुवातीचा फॉर्म न सरकवता एका स्क्रीनवर मावला पाहिजे, एवढा एकच नियम पाळावा.

निदानाची यादी दोन्हीकडे दगा देते. हवं ते सापडलं नाही की माणूस ‘ताप’ निवडून पुढे जातो आणि वर्षअखेरीच्या अहवालात अर्धा तालुका तापानं आजारी दिसतो. आपल्या ओपीडीतली नेहमीची साठ-सत्तर निदानं आधीच वर आणून ठेवावीत आणि त्यांना स्नोमेड सीटी या आजारांच्या प्रमाणित संज्ञावलीचे कोड जोडून घ्यावेत. भारतात ही संज्ञावली वापरायला पैसे पडत नाहीत, पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतलं राष्ट्रीय केंद्र तिचा परवाना देतं. विक्रेता कोडिंगचे वेगळे पैसे मागत असेल तर ते कामाचे असू शकतात, परवान्याचे नाहीत.

वीज आणि नेट गेल्यावर

क्लाउडसाठी नेट हवं, स्वतःच्या सर्व्हरसाठी वीज. मजकुराच्या नोंदींना फार वेग लागत नाही, साधं ४जी पुरतं. अडतं ते एक्स-रेवर. डिजिटल एक्स-रेची एक प्रतिमा साधारण १५ एमबीची धरली आणि अपलोडचा वेग २ एमबीपीएस असेल, तर एकीला एक मिनिट. दिवसाला ४० एक्स-रे म्हणजे ६०० एमबी, ४० मिनिटं फक्त त्यातच. तेवढ्यात ओपीडीची स्क्रीन गोल गोल फिरत बसते. प्रतिमा स्थानिक संगणकावर ठेवून रात्री वर पाठवण्याची सोय आहे का, हे विचारून घ्या. ‘आमचं अ‍ॅप ऑफलाइन चालतं’ असं कुणी म्हणालं तर त्याच्यासमोर वायर काढा, नवीन रुग्ण नोंदवा, जुन्या रुग्णाचं औषध बदला आणि मग वायर लावून दोन्ही नोंदी वर गेल्या का ते बघा. पुष्कळदा ऑफलाइन म्हणजे फक्त वाचता येतं.

राउटरमध्ये दोन कंपन्यांची सिमकार्डं घालणं चांगलं, पण लहान गावात पुष्कळदा दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर असतात. टॉवरची वीज गेली की दोन्ही सिम एकदमच गप्प.

सर्व्हर स्वतःचा असेल तर नेट गेलं तरी ओपीडी, लॅब आणि मेडिकल एकमेकांशी बोलत राहतात. बाह्मनी पूर्ण बसवायची तर १६ जीबी रॅमचा संगणक धरावा, लिनक्स आणि डॉकर (सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवायची साधनं) हाताळणारा माणूस धरावा आणि यूपीएस. इन्व्हर्टरवर अवलंबून राहू नये, कारण वीज बदलताना जो क्षणभराचा झटका बसतो त्यात संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. असं वारंवार झालं की एखाद्या सकाळी डेटाबेस उघडतच नाही. यूपीएस यूएसबीने सर्व्हरला जोडावा, म्हणजे बॅटरी संपत आली की सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो. नेटवर्क स्विच आणि राउटरही त्याच यूपीएसवर हवेत. हे हमखास विसरलं जातं: सर्व्हर चालू, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला रस्ताच नाही.

दुसरं ठरलेलं दुखणं म्हणजे डिस्क भरणं. वरच्याच हिशेबाने ३०० दिवसांत १८० जीबी नुसत्या एक्स-रेच्या होतात. बॅकअप रोज रात्री आपोआप व्हावा आणि त्याची एक प्रत इमारतीबाहेर जावी. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघावा. न उघडलेला बॅकअप मोजू नये.

कोणतीही वाट घ्या, आधीच क्रमांक छापलेले कोरे फॉर्म रिसेप्शनवर असू द्यात. यंत्रणा बंद असताना त्यावर लिहायचं आणि नंतर त्याच क्रमांकाने चढवायचं.

हाच तो रुग्ण, हे कसं ओळखणार?

मोबाइल नंबरवरून ओळख ठरवणारं सॉफ्टवेअर गावात फसतं, कारण एका नंबरावर आजी, सून आणि दोन नातवंडं असतात. नावाचं रोमन स्पेलिंग प्रत्येक ऑपरेटर वेगळं करतो. जन्मतारीख सक्तीची असेल तर १ जानेवारीला जन्मलेल्यांची रांग लागते. लहान मुलांचा डोस वजनावर ठरत असला, तरी वयाची ही चूक लसीच्या वेळापत्रकात नडते. ‘अंदाजे वय’ हा वेगळा रकाना असलेलं सॉफ्टवेअर घ्यावं. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्यास त्या जोडता येतात का, आणि चुकून जोडल्या तर सोडवता येतात का, हेही बघावं.

आभा क्रमांक, म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा १४ अंकी क्रमांक, इथे मदत करतो. अडचण ओटीपीची. तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो आणि तो मोबाइल पुण्याला मुलाकडे असतो. रांगेत उभं करून आभा काढू नये. खिडकी वेगळी ठेवावी आणि रुग्णालयाचा स्वतःचा नोंदणी क्रमांक कायम ठेवावा. रुग्णांचा एक गैरसमजही दूर करावा लागतो: आभा काढला म्हणजे सगळे रिपोर्ट सरकारी गोदामात जात नाहीत. नोंद रुग्णालयाच्या प्रणालीतच राहते. रुग्णाने संमती दिली तरच ती दुसऱ्या रुग्णालयाला दाखवता येते.

विक्रेत्याने ‘आभा जोडलेलं आहे’ म्हटलं की टप्पा विचारा. पहिल्या टप्प्यात फक्त आभा काढता आणि तपासता येतो. दुसऱ्यात आपल्या नोंदी त्याला जोडल्या जातात. तिसऱ्यात रुग्णाच्या संमतीने इतरांकडच्या नोंदी आपल्याला बघता येतात. जाहिरात तिन्हींची असते, प्रमाणपत्र कधीकधी पहिल्याचंच.

बाहेर पडायचं दार

आमच्या मते निवडीचा सर्वांत मोठा निकष हाच, आणि किमतीपेक्षाही वरचा. करार करण्याआधी विक्रेत्याकडून शंभर खोट्या रुग्णांची निर्यात केलेली, म्हणजे सॉफ्टवेअरमधून बाहेर काढलेली, फाइल मागा. त्यात औषधं, लॅबचे आकडे आणि तारखा वेगवेगळ्या रकान्यांत आहेत की नुसत्या पीडीएफ, ते बघा. पीडीएफच्या गठ्ठ्यातून हिमोग्लोबिनचा आलेख काढता येत नाही. करार संपल्यावर किती दिवस डेटा मिळेल आणि तो काढून द्यायचे पैसे लागतील का, हे लेखी घ्या. बाह्मनीत डेटाबेस आपल्याच हातात असतो, हा तिचा खरा फायदा. फुकट असणं हा नव्हे, कारण वाचलेली वर्गणी देखभालीच्या माणसावर खर्च होते.

कायद्याच्या बाजूने तिन्ही वाटा सारख्याच. भरती रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं ठेवायची आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यायची. गरोदर बाईच्या सोनोग्राफीचा फॉर्म एफ दोन वर्षं, तोही त्याच्या ठरलेल्या पद्धतीने. मेडिकोलीगल, म्हणजे पोलिसांत किंवा कोर्टात जाणाऱ्या, केसची कागदपत्रं प्रकरण मिटेपर्यंत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात जबाबदारी रुग्णालयावर आहे, विक्रेत्याकडे बोट दाखवून ती टळत नाही. त्यामुळे सगळ्या सिस्टरांचा मिळून एकच पासवर्ड, ही सर्वत्र दिसणारी सोय आधी बंद करावी. नोंद कुणी आणि केव्हा बदलली हे सांगता आलं नाही, तर ग्राहक न्यायालयात संगणकाची नोंद कागदापेक्षा लंगडी ठरते.

दूरतपासणी: सरकारी, फोनवरची की पॅकेजमधली

ई-संजीवनी ही सरकारी दूरतपासणी सेवा सी-डॅकच्या मोहाली केंद्राने बनवली आणि तिचे दोन प्रकार आहेत. एकात उपकेंद्रावरचा समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाजवळ बसतो आणि स्क्रीनवर डॉक्टर असतो. दुसऱ्यात रुग्ण घरूनच जोडला जातो. पहिला प्रकार जास्त उपयोगी, कारण तिथे बीपी घेणारा, पोट दाबून बघणारा आणि औषध समजावणारा हात असतो. पण ही व्यवस्था सरकारी सेवेसाठी आहे. आपल्या रुग्णालयाने तिच्यावर स्वतःची सेवा उभारायची नाही, रुग्णाला तिचा पत्ता मात्र जरूर द्यावा.

तिच्याकडून घ्यायचा तो साचा. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या गावात आठवड्यातून दोनदा प्रशिक्षित सिस्टर बीपीचं यंत्र, ग्लुकोमीटर, ऑक्सिमीटर आणि वजनकाटा घेऊन बसली आणि डॉक्टर रुग्णालयातून जोडले गेले, तर दूरतपासणी खरोखर कामाची होते. नुसता रुग्ण आणि नुसता मोबाइल यात सर्दी, त्वचेचे विकार आणि औषध पुढे चालू ठेवणं यापलीकडे फार जाता येत नाही.

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांची चौकट तिन्ही पर्यायांना लागू आहे. पॅरासिटामॉल किंवा ओआरएससारखी ‘ओ’ यादीतली औषधं फोनवरूनही सांगता येतात. ‘ए’ यादीतली पहिल्या भेटीत द्यायची तर व्हिडिओ हवा. चालू औषधात भर घालणारी ‘बी’ यादी फक्त फेरतपासणीत, आणि फेरतपासणी म्हणजे त्याच आजारासाठी, त्याच डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या आत रुग्णाला समोरासमोर पाहिलेलं असणं. शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली आणि अमली पदार्थ कायद्यात येणारी औषधं दुरून लिहायचीच नाहीत. रुग्णाने स्वतः फोन केला तर संमती गृहीत धरतात. सिस्टर किंवा नातेवाइकाने जोडून दिला तर ती स्पष्ट घेऊन नोंदवावी लागते. चिठ्ठीवर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक हवाच. परदेशात बसलेल्या रुग्णाला या सूचना लागू नाहीत. मुलगा न्यूजर्सीहून आईच्या कॉलमध्ये सामील झाला तर हरकत नाही, त्याच्या स्वतःच्या बीपीचं औषध मात्र या चौकटीत बसत नाही.

या सूचना व्हॉट्सअ‍ॅपला मनाई करत नाहीत आणि लहान रुग्णालयाला ते पुरतंही. बिघडतं ते वेगळंच. बोलणं डॉक्टरच्या खासगी फोनवर होतं, फोन बदलला की फोटो, चिठ्ठी आणि संमती सगळं जातं. रुग्णालयाचा स्वतंत्र नंबर आणि हँडसेट घ्यावा. चिठ्ठी नोंदप्रणालीतून काढून तीच पाठवावी आणि जखमेचा फोटो मागवताना शेजारी नाणं ठेवायला सांगून तो रुग्णाच्या फाइलला त्याच दिवशी जोडावा. एवढं शिस्तीत होत असेल तर पॅकेजमधल्या व्हिडिओसाठी वेगळे पैसे मोजू नयेत. दिवसाला पंधरा-वीस व्हिडिओ भेटी व्हायला लागल्या, वेळा ठरवणं आणि पैसे गोळा करणं हे रिसेप्शनला झेपेनासं झालं, की मग विचार करावा.

मग घ्यायचं काय?

संगणक सांभाळणारा पगारी माणूस नसेल आणि नेट बऱ्यापैकी असेल तर क्लाउड, पण निर्यात तपासून आणि करार एकाच वर्षाचा करून. नेट बेभरवशाचं असेल, लॅब आणि मेडिकल स्वतःचं असेल आणि जिल्ह्याच्या गावी तरी लिनक्स जाणणारा माणूस सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी येत असेल, तर बाह्मनी. खाटा कमी असतील तर तिची हलकी आवृत्ती पुरते. डॉक्टरांमध्येच एकमत नसेल तर वर्षभर पहिली वाट घ्यावी. त्या वर्षात निदानांची आणि औषधांची यादी तयार होते आणि ती पुढे कुठल्याही प्रणालीत जशीच्या तशी नेता येते.

कागद एकाच दिवशी सगळीकडे बंद करू नये. आधी लॅब, कारण तिथे आकडे असतात आणि फायदा पहिल्याच आठवड्यात दिसतो. मग मेडिकल, मग जुनाट आजारांची ओपीडी, मग बाकीची. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे दावे करत असाल तर भरती रुग्णांचे कागद स्कॅन करायला एक माणूस आधीपासून असतोच, त्यालाच डिस्चार्ज कार्डाचं काम द्यावं. खाटेशेजारचा औषधाचा तक्ता सगळ्यांत शेवटी. रात्रपाळीच्या एका सिस्टरला बारा खाटा असतील, तर तो कागदावरच राहू द्यावा.