परसातला बार: माणगा बांबू की लोखंडी पाइप?

कोल्हापूरचा पाऊस बघता आधी सांगाडा ठरवा. काउंटर काय, ४२ इंच उंच नि १८ ते २० इंच रुंद ठेवला की दोन्हींत जमतो.

दिसायला बांबूच. त्यातही माणगा, भरीव असल्यानं बोल्ट घट्ट धरतो. खिळ्यानं मात्र फाटतो, म्हणून ड्रिलनं भोक पाडा, वॉशर घाला. भुंगा येतो तो आतल्या स्टार्चसाठी. १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड या प्रमाणात द्रावण करून ताजा तोडलेला बांबू दहा दिवस बुडवा, मग सावलीत वाळवा. पण हे औषध पावसात धुऊन जातं. त्यामुळं छप्पर दोन फूट बाहेर काढा. बुंधा मातीत गाडू नका, जमिनीलगतच कुजतो. फूटभर काँक्रीटच्या ठोकळ्यावर उभा करा.

५० बाय ५० बाय २ मिमीच्या चौकोनी पाइपला ही यातायात नाही. वेल्डिंग घासून रेड ऑक्साइडचा (गंजरोधक प्रायमरचा) हात, वर ऑइल पेंट. वरची तोंडं बंद करा, नाहीतर पाणी आत साचून गंज आतून पोखरतो. दिसतो मात्र बसथांब्यासारखा! खांबांना बांबूच्या कामट्या बांधल्या तर खपून जातं.

उसाच्या पाल्याचं छप्पर दोन्हींवर बसतं. उतार ४५ अंशांचा ठेवा आणि शेगडी त्याखाली नको.