थायलंडमध्ये शिक्षकाची नोकरी, पासपोर्टवर मात्र पर्यटकाचा शिक्का

एमए इंग्लिश किंवा बीएड झालेल्यांना ज्या जाहिराती गाठतात, त्यांचा मजकूर जवळपास ठरलेला असतो: ‘बँकॉकच्या इंटरनॅशनल स्कूलमध्ये इंग्रजीचे शिक्षक हवेत, पगार ७०,००० बाट, राहणं-खाणं मोफत, अनुभवाची अट नाही, बारावी पासही चालेल.’ पहिली खोट इथेच आहे. तिथल्या साध्या शाळेत इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिक्षकाला साधारण १८ ते २५ हजार बाट मिळतात. सत्तर हजार देणाऱ्या शाळा आहेत, पण त्या अध्यापनाची पात्रता आणि वर्गातला अनुभव तपासल्याशिवाय बोलणीही करत नाहीत. बारावीवर तर कुठलीच शाळा रीतसर घेऊ शकत नाही, पदवी लागतेच.

अशा जाहिरातीमागचे एजंट पैसे एकदम मागत नाहीत, तुकड्यांनी मागतात. आधी नोंदणीचे दोन-तीन हजार. मग व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांची लेखी ‘मुलाखत’ आणि दुसऱ्याच दिवशी ऑफर लेटर. खरी शाळा व्हिडिओवर बोलते आणि बहुधा एखादा धडा शिकवून दाखवायला लावते. शिक्षकाचा आवाजही न ऐकता त्याला इंग्रजी शिकवायला कोण बोलावेल? पुढचा तुकडा ‘१२० तासांच्या टेफल’चा, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सचा, पंधरा हजार, आणि सर्टिफिकेट दोन दिवसांत पीडीएफमध्ये. १२० तास हा अशा कोर्सचा खरोखरच प्रचलित आकडा असल्याने माणूस फसतो. पण टेफलला मान्यता देणारी जगभरची एकच संस्था अस्तित्वात नाही, त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त’ हा शिक्का कोणीही मारतो. तुलनेसाठी, केंब्रिजच्या सेल्टा या अशाच कोर्समध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं, तेही परीक्षकाच्या नजरेखाली.

त्यानंतर ‘डॉक्युमेंट ॲटेस्टेशन’चे वीस-पंचवीस हजार. परदेशासाठी कागद प्रमाणित करण्याचं परराष्ट्र मंत्रालयाचं शुल्क कागदामागे फार तर ५० रुपये आहे, वर कागद स्वीकारणाऱ्या एजन्सीचा थोडा आकार. पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स ५०० रुपयांत मिळतो. शेवटी ‘व्हिसा आणि वर्क परमिट’चा मोठा हप्ता, ‘रिफंडेबल’ म्हणून. तोवर आधीचे पैसे अडकलेले असतात, म्हणून हाही भरला जातो. दर वेळी खातं वेगळं, आणि ते कंपनीचं नसून कोणाचं तरी बचत खातं.

सगळा डाव ओळखण्याची जागा म्हणजे व्हिसा. नोकरीसाठी ‘नॉन-इमिग्रंट बी’ लागतो, तोही शक्यतो भारतातूनच, थाई ई-व्हिसाच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करून. शाळेचा परवाना, नेमणुकीचं पत्र आणि संबंधित शिक्षण खात्याचं संमतिपत्र शाळाच पाठवते. या व्हिसावर आधी ९० दिवस मिळतात. त्या मुदतीत कामगार खात्याचा वर्क परमिट निघतो आणि मग मुक्काम वर्षभरासाठी वाढतो. भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेशाची सवलत मिळाल्यापासून एजंटांचं आयतंच फावलं: ‘आत्ता टुरिस्ट म्हणून जा, तिथे कन्व्हर्ट करू.’ तिथे व्हिसा बदलता येतो हे अगदीच खोटं नाही, म्हणून ते पटतं. पण त्यालाही शाळेची कागदपत्रं लागतातच. ती तयार असतील तर अर्ज इथूनच का करत नाही, एवढं विचारा आणि उत्तराची वाट बघा.

आणखी एक खूण, फारशी कोणी सांगत नाही. साध्या थाई शाळांचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं. मार्चच्या मध्यापासून उन्हाळी सुट्टी, त्यात १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण. अशा शाळेसाठी ‘१ एप्रिलला वर्गावर रुजू व्हा’ असं लिहिणाऱ्याने शाळेचं कॅलेंडर उघडूनही पाहिलेलं नाही.

परमिटशिवाय शिकवताना पकडलं तर ५,००० ते ५०,००० बाट दंड आणि मायदेशी रवानगी. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५०० बाट, कमाल २०,०००. दंड शिक्षकाच्या माथी येतो. एजंट तोवर नंबर बदलून मोकळा. याहून वाईट म्हणजे विमानतळावरून गाडी शाळेऐवजी माए सोतकडे निघणं. बँकॉकपासून सुमारे ५०० किलोमीटरवरचं हे सीमेवरचं गाव. मोई नदीपलीकडे म्यानमारचं म्यावड्डी, जिथे माणसं डांबून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपतात. मार्च २०२५ मध्ये तिथून सुटलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. बँकॉकची नोकरी म्हणून गाडी सीमेकडे निघाली, तर पेट्रोल पंपावर का होईना, उतरा आणि भारतीय दूतावासाला फोन लावा.

दक्षिण कोरियाचं आमिष वेगळं. तिथल्या खासगी क्लासमध्ये भाषा शिकवण्याचा ‘ई-२’ व्हिसा इंग्रजीसाठी सातच देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. त्या क्लासची ऑफर भारतीय पासपोर्टवर आली, की पुढे वाचायचीही गरज नाही. चीनला ‘बिझनेस व्हिसा’वर शिकवायला पाठवणारेही त्याच माळेचे मणी; तिथे कामाचा व्हिसा ‘झेड’.

पैसे देण्याआधी शाळेचा फोन नंबर तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, ऑफर लेटरवरून नव्हे. थाई शाळांचे ईमेल बहुधा ‘एसी डॉट टीएच’वर संपतात, जीमेलवरून आलेलं पत्र बाजूला ठेवा. एजंटचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर शोधा. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून कमाल ३०,००० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात, पावतीसह. पदवीधराच्या पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याची सरकारी मंजुरी, लागत नाही, म्हणजे आपले कागद सरकारी टेबलावर कोणी तपासणार नाही. ते काम आपल्यालाच करावं लागतं. मूळ पासपोर्ट एजंटकडे ठेवायचा नाही.

पैसे गेलेच असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पैसे दुसऱ्या खात्यांत पांगण्याआधी खातं गोठलं तरच काही हाती लागतं. मग भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली तक्रार. चॅट, व्यवहार क्रमांक आणि ऑफर लेटर आधी दुसरीकडे साठवा, मगच एजंटला जाब विचारा. त्याने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ दाबलं की चॅटमधला ताजा पुरावा तरी गेलाच.