स्टोरीबोर्ड की शॉट लिस्ट?

वर्गाच्या प्रकल्पासाठी चित्रपटाची दोन मिनिटांची सुरुवात शूट करायची, हातात एकच रविवार, आणि गटात वाद: प्रत्येक शॉटचं चित्र काढायचं (स्टोरीबोर्ड) की शॉटची नुसती यादी करायची (शॉट लिस्ट)?

खर्च दोन्हींचा शून्य. ॲपवाल्यांच्या जाहिराती सोडून द्या, कागद-पेन्सिल पुरते. वेळ मात्र स्टोरीबोर्ड जास्त खातो. चित्रकला यायलाच हवी असं नाही, काडीमाणसं चालतात.

चुका पकडण्यात स्टोरीबोर्ड सरस. समोरासमोर बोलणारी दोन पात्रं घ्या. कॅमेरा त्या दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या पलीकडे गेला, की पडद्यावर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात. यादीतल्या 'क्लोज-अप, मीरा' एवढ्या ओळीवरून हे कळणार कसं? श्रेयनामावलीसाठी चौकटीत मोकळी जागा आहे का, तेही चित्रातच दिसतं.

शूटिंगच्या दिवशी यादीला तोड नाही. शॉट कथेच्या क्रमाने नव्हे, जागेनुसार घ्यायचे असतात: जिन्यावरचे सगळे एकदम, मग गच्चीवरचे. आवाजाच्या नोंदीही तिथेच मावतात; पंख्याची घरघर चित्रात कुठली दिसायला!

संवादाविना, रहस्यपटाच्या ढंगाची सुरुवात असेल तर स्टोरीबोर्ड करा. दोघांच्या गप्पा आणि थोड्या वेळापुरती मिळालेली जागा असेल तर शॉट लिस्ट पुरे, सोबत कॅमेऱ्याच्या जागा दाखवणारा एक कच्चा नकाशा.