बडोद्यातली उंच शेड: ग्लासवूल की पफ पॅनल?

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली वीस फुटी पत्र्याची शेड मे महिन्यात भट्टीच होते. उंचीमुळे गरम हवा वर राहते हे खरं, पण तापलेला पत्रा वरून अंगावर आग ओकतच असतो. त्यावर उपाय दोन: ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची गादी, किंवा पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये भरलेला पॉलियुरेथेन फोम.

नुसता उष्णतारोध बघाल तर पफ सरस: 50 मिमी पफ साधारण 80 मिमी ग्लासवूलच्या तोडीचा. एसी लावणार असाल किंवा शेड नवीनच बांधताय, तर सरळ पफ घ्या. छप्पर आणि इन्सुलेशन एकाच फटक्यात होतं.

जुन्या शेडला मात्र पफसाठी बहुधा पत्रे उतरवावे लागतात, म्हणजे काम बंद. ग्लासवूल खालून, जाळीच्या आधाराने बसतं, खर्चही कमी. (बसवणाऱ्यांना मास्क आणि हातमोजे द्याच, फार खाज सुटते.) शिवाय ते पेटत नाही. पफचा फोम जळतो, विषारी धूर सोडतो. छताजवळ वेल्डिंग-कटिंग चालत असेल तर माझं मत ग्लासवूललाच.

त्याचं दुखणं एकच, पाणी. स्क्रूखालचा रबरी वायसर फाटला की पावसाळ्यात ओलं ग्लासवूल लोंबतं आणि निकामी होतं. म्हणून आधी पत्र्याची गळती काढा, वर टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्याने फिरून गरम हवा बाहेर काढणारा पंखा) बसवा, मगच रोल मागवा.